मोठ्या काकांना ताजं लागायचं

आमच्या घरात संध्याकाळचं जेवण सकाळीच चढायचं. आई चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती अंधारात उठून पाणी भरायची, आमचे डबे करायची आणि मग मागच्या पडवीत बसून भुश्याची शेगडी भरायला घ्यायची. ही शेगडी आताच्या मुलांनी पाहिलेली नसणार. तेलाचा पत्र्याचा डबा, त्याला खालच्या अंगाला एक भोक. डब्याच्या मधोमध रिकामी बाटली उभी करायची, भोकातून एक दांडका आत सारून बाटलीला टेकवायचा आणि भोवतीनं लाकडाचा भुसा घालत घालत मुठीनं ठोकत जायचं. सगळं कसब त्या ठोकण्यात. भुसा सैल राहिला तर बघता बघता भडकून जातो, घट्ट बसला तर दिवस काढतो. मग बाटली हलक्या हातानं फिरवून वर काढायची, दांडका ओढून घ्यायचा आणि आत जो पोकळ रस्ता उरतो त्यात खालून पेटता कागद सरकवायचा. सुरुवातीला धूर व्हायचा, आम्ही बहिणी डोळे चोळत आत पळायचो. धूर बसला की भुसा आतल्या आत लाल धुमसायला लागायचा आणि आई त्यावर जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं पातेलं ठेवायची. वर झाकण म्हणून ताट, ताटात पाणी. एवढं केलं की ती पदरानं कपाळ पुसायची, चपला घालायची आणि कंपनीच्या बसला पळायची.

ही विद्या तिला शेजारच्या खालांनी दिली होती. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्या आणि खालांच्या दोन खोल्या यांच्यामध्ये मागच्या बाजूला छातीइतकी भिंत होती. खालांच्या नवऱ्याची लाकडाची वखार होती, त्यामुळे भुश्याची पोती भिंतीवरून आमच्याकडं यायची आणि आईनं केलेली शेंगदाण्याची चटणी भिंतीवरून तिकडं जायची. घासलेट मिळायची मारामार, गॅसचा नंबर लागायचा होता, आणि दिवसभर उभं राहून बाटल्यांना झाकणं लावून आलेल्या बाईला पुन्हा चुलीपुढं बसवत नव्हतं. खाला दुपारी एकदा भिंतीवरून डोकावून बघायच्या, ताटातलं पाणी आटलं असेल तर तांब्यानं ओतायच्या. आई सुरुवातीला घाई करून झाकण काढून बघायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "कायकू खोलतीं विमलबाई? आग को जल्दी नक्को करो. वो अपने टैम से काम करती."

आणि करायची. मी कॉलेजातून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कळायचं आज काय आहे ते. उडदाच्या आमटीचा वास जड, खाली बसणारा. वांगं शिजलं असेल तर गोडसर. मठाची उसळ असेल तर काळ्या मसाल्याचा वास आधी यायचा आणि मठाचा मागून. दिवसभर मंद धगीवर राहिलेली डाळ रवीनं घोटावी लागत नसे, पळी फिरवली की मोडायची. कधी ज्वारीच्या कण्या असायच्या, इतक्या मऊ की ताटात पसरायच्या आणि मधे खळगा करून आम्ही ताक ओतायचो. आई आली की हातपाय धुऊन फक्त भाकऱ्या थापायची, मोठी बहीण शोभाताई कांदा फोडायची, मी ताटं मांडायचे. भाकरी तव्यावरून उतरेस्तोवर आई कंपनीतल्या बायकांच्या गमती सांगायची. माझ्या त्या वयातलं सुख म्हणून मला काही दाखवायचं झालं तर मी ती संध्याकाळची वेळ दाखवीन. माझ्या सुनेकडं पुण्यात आता विजेचं भांडं आहे. सकाळी घालायचं, बटण फिरवायचं आणि ऑफिसला जायचं. ती मोठ्या कौतुकानं मला दाखवते, "आई, बघा किती सोपं!" सोपं आहे खरं. मी मान हलवते. त्या भांड्यात काय काय शिजू शकतं याची तिला अजून कल्पना नाही.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. एक दिवसाआड मुक्कामी गाडी, त्यामुळे निम्म्या संध्याकाळी ते घरी नसत. माणूस अत्यंत गरीब स्वभावाचा. डबल घंटी मारायची सवय असलेला हात, पण घरात कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. आणि थोरल्या भावापुढं तर तो आवाजच नाहीसा व्हायचा. थोरला भाऊ म्हणजे आमचे मोठे काका. पाचोडला त्यांची शेती, मोसंबीची बाग, दारात जीप. दर आठवड्याला बियाणं, खत, कोर्टकचेरी असं काहीतरी काम काढून ते शहरात यायचे आणि आमच्याकडं जेवायचे. पांढरं धोतर, दाट मिशी, आणि आल्या आल्या बैठकीच्या खोलीतल्या एकुलत्या एका लोखंडी पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. आई कामाला जाते हे त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हतं. ते तिच्याशी बोलायचेच नाहीत. तशी रीत जुन्या घरांतून होतीच, भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलू नये अशी; पण काकांनी त्या रीतीचं हत्यार करून टाकलं होतं. आई समोर ताट घेऊन उभी असताना ते माझ्याकडं बघून म्हणायचे, "उषा, सांग तुझ्या आईला, मीठ जास्त झालंय." आई दोन हातांच्या अंतरावर उभी. मी सांगायचे. आई मान हलवायची. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि त्यात काही विचित्र आहे हे मला मोठी होईपर्यंत कळलंच नव्हतं.

शोभाताईसाठी स्थळ काकांनीच आणलं. फुलंब्रीचे लोक, मुलगा शाळेत कारकून, घर खाऊनपिऊन सुखी. रविवारी येतो असं ठरलं होतं. काकांनी परस्पर दिवस बदलला आणि आदल्या दिवशी अण्णांच्या डेपोत निरोप ठेवला की उद्याच संध्याकाळी येतोय, जेवूनच जाऊ. आईला रजा मिळाली नाही. मग तिनं जे तिला येत होतं तेच केलं, फक्त जास्त मन लावून. पहाटे उठून शेगडी इतकी ठोकून भरली की तिच्या मुठी लाल झाल्या. येसराची आमटी, त्यात भरलेली लहान लहान वांगी. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजक्या डाळींचा आणि मसाल्यांचा घरी दळलेला काळा मसाला. त्याला मंद धगीवर वेळ दिला की तो असा काही खुलतो की बास. संध्याकाळी आई सुपरवायझरच्या हातापाया पडून थोडी लवकर सुटली. ताई खालांनी नेसवलेल्या जांभळ्या साडीत आतल्या खोलीत बसली होती. पाहुणे आले, मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. चहा झाला. बघण्याचा कार्यक्रम नीट पार पडला. मुलाच्या आईनं ताईला जवळ बसवून तिचा हातसुद्धा हातात घेतला.

मग काका हात धुवायला मागं आले. मी शेगडीपाशी उकिडवी बसले होते. वासानं माझंच तोंड सुटलं होतं. काकांनी पातेल्याकडं बघितलं.

"हे कधी चढवलंय गं?"

"सकाळी," मी म्हणाले. मला वाटलं ते कौतुक करणार. "दिवसभर शिजतंय काका. आईनं—"

पुढचं माझ्या तोंडातच राहिलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पातेल्याचे काठ धरले, ते उचललं आणि मोरीत उपडं केलं. सगळं. वांगी घरंगळत गेली, तेलाचा लाल तवंग मोरीच्या दगडावर पसरला. आणि मग, बैठकीत ऐकू जाईल अशा आवाजात, आईकडं नाही, माझ्याकडं बघत ते ओरडले, "सकाळचं शिळं अन्न पाहुण्यांच्या पानात वाढता? आमच्या घराण्यात असलं चालत नाय! सांग तुझ्या आईला, कंपनीत जायचं तर जा म्हणावं, पण माणसांना जनावरावानी खाऊ घालू नको म्हणावं!"

मुलाची आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मोरीकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. काका पाहुण्यांना जीपमध्ये घालून कुणा सोयऱ्याकडं जेवायला घेऊन गेले. आठवडाभरानं निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात बाईचं चुलीकडं लक्ष नाही तिथली मुलगी नको. तो निरोपही काकांनीच आणला, पलंगावर पाय घेऊन, चहा पीत सांगितला. त्यानंतर सोयऱ्याधायऱ्यांत जिथं जावं तिथं आमच्या घराचं नाव शिळ्या अन्नाशी जोडलं गेलं. एका लग्नात एका बाईनं हसत हसत आईला विचारलं, "विमल, आज घरी काय हाय, कालचं का परवाचं?" आईनं पान पुढं ओढलं. ती तशीच जेवली, उठली आणि हात धुतला.

त्या संध्याकाळी, जीप गेल्यावर, ताई जांभळ्या साडीतच भिंतीला टेकून बसून राहिली होती. अण्णा गाडीवर होते. भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला, "या अल्ला." आईनं मोरी धुतली. पातेलं राखेनं घासलं, पालथं घातलं. मी रडत होते, मोठ्यानं. ती मला म्हणाली, "भुश्याच्या पोत्यावर पाणी उडालं का बघ. भिजला तर उद्या पेटणार नाय." एवढंच. तिच्या त्या शांतपणाचा मला तेव्हा इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. मला वाटलं, ही बाई काहीच करणार नाही. म्हणून मी ठरवलं, आपण करायचं. काय करायचं ते माहीत नव्हतं. पण रोज शेगडीतल्या राखेचा डबा मोरीपाशी रिकामा करताना मी काकांना मनातल्या मनात अशा काही शिक्षा द्यायचे की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

संधी चालून आली ती काकांच्या दातांमुळं. त्यांच्या हिरड्या सडल्या होत्या. पाचोडात झाडपाला करून झाला, आणि शेवटी शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की सगळे दात काढावे लागतील, हिरड्या भरल्या की कवळी बसवू. म्हणजे महिना-दोन महिने सारख्या फेऱ्या. जीपच्या धक्क्यांनी दुखतं म्हणून काका आमच्याकडंच मुक्कामाला आले. मोठी काकू बागेच्या पाण्यासाठी गावाकडंच राहिली. लोखंडी पलंग काकांना गेला, अण्णा खाली सतरंजीवर. पहिल्याच दिवशी, गालावर फडकं बांधलेलं असताना, काकांनी अण्णांना बजावलं, "सांगून ठेव घरात. मला ताजं लागतं. सकाळचं मी खात नाय."

अण्णांनी आम्हाला सांगितलं. आईनं मान हलवली. तिचा त्या दिवसांत ओव्हरटाइम चालू होता, घरी यायला उशीर व्हायचा. काका तर दिवे लागले की जेवायला बसणार. ती मला म्हणाली, "उषा, त्यांचं तू बघ. त्यांनी सांगितलंय तसंच कर. ताजं."

मी तसंच केलं. अगदी तसंच. संध्याकाळी घासलेटचा स्टोव्ह पेटवायचा, भाकरी थापायची, जरा जाडच, आणि खरपूस होईपर्यंत शेकायची. तव्यावरून उतरली की थेट त्यांच्या ताटात. बरोबर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडाभरडा ठेचा. ताट पुढं ठेवून म्हणायचं, "गरम हाय काका. आत्ताच उतरवली." मग ताई आणि मी त्यांच्या समोरच, त्याच खोलीत, कारण आतल्या खोलीत स्टोव्हपाशी बसायला जागा नव्हती, आमची ताटं घेऊन बसायचो. आमच्या ताटात शेगडीवरचं. लोण्यासारखी डाळ. मोडून पडणारी वांगी. वाफाळलेल्या कण्या.

काका भाकरीचा तुकडा मोडायचे, तोंडात घालायचे, गालातल्या गालात फिरवायचे. कढत तुकडा उघड्या हिरड्यांना लागला की डोळे मिटायचे. मग तो तुकडा हळूच हातात काढून ताटाखाली ठेवायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले, "खिचडी टाक जरा." टाकली. भडक्या आचेवर, उकळी आली न आली तोच उतरवली. वर मऊ, आत कणी. "ताजी हाय काका," मी म्हणाले. त्यांनी दोन घास घेतले आणि माझ्याकडं असं काही बघितलं की एरवी मी आत पळाले असते. त्या दिवशी पळाले नाही. मी माझ्या कण्यांत ताक ओतलं, बोटानं कालवलं आणि सुर्रकन आवाज करून खाल्लं. मला तसा आवाज करून खायची सवय नव्हती.

ताईला सुरुवातीला भीती वाटली. "अगं, म्हातारा उपाशी मरंल." मी म्हणाले, "मरत नाय. दुपारी जाऊन बघ." कारण मी बघितलं होतं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीमागं, रस्त्याकडं पाठ करून, बाहेरच्या खाण्याला आयुष्यभर नावं ठेवणारे आमचे मोठे काका बशीतल्या चहात पाव बुडवून चोखत होते. मी मुद्दाम समोरून गेले. "काका, इथं?" त्यांच्या मिशीवरून चहा ओघळला. ते म्हणाले, "औषध घ्यायचं व्हतं." माझ्या आयुष्यात पुढं परीक्षेत पहिला नंबर आला, नोकरी लागली, मुलगा झाला. पण त्या टपरीमागून घरी येताना मी जशी चालत आले तशी पुन्हा कधी चालले नाही.

मला वाटत होतं, हे सगळं माझं एकटीचं आहे आणि आईला काही पत्ता नाही. ती उशिरा यायची, काकांचं उष्टं ताट मीच आवरून ठेवलेलं असायचं. कळलं तर ती थांबवील, तिचा स्वभावच तसा, असं मी धरून चालले होते. मग एक दिवस सकाळी मी तिला शेगडी भरायला मदत करत होते. आठवड्याचा मधलाच दिवस. तिनं पिशवीतून पुडकं काढलं आणि पातेल्यात रिकामं केलं. बकऱ्याचे पाय होते, खालांच्या नवऱ्याला सांगून खाटकाकडून मुद्दाम साफ करून आणवलेले. पाया आमच्याकडं सणालासुद्धा क्वचित व्हायचा. आणि पाया म्हणजे काकांचा जीव की प्राण. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी ते स्वतः जाऊन निवडून आणायचे.

"आज पाया?" मी विचारलं. "आज काय हाय?"

आई भुसा ठोकत होती. तिनं वर बघितलं नाही. "येसर जरा जास्त घाल," ती म्हणाली. "वास बैठकीपर्यंत गेला पाहिजे."

मी तिच्याकडं बघत राहिले. काय काय मला एकदम आठवलं. काका आल्यापासून रोज शेगडीवर त्यांच्याच आवडीचं काहीतरी होतं. उडदाची आमटी, वांगी, कण्या. शेगडी एरवी पडवीच्या कोपऱ्यात असायची, ती आता बैठकीच्या खिडकीखाली आली होती. दिवसभर तो माणूस पलंगावर पडून तो वास घेत होता. मी फक्त संध्याकाळचं बघत होते, आई सकाळपासून बघत होती. "आई," मी म्हणाले, "तुला माहीत व्हतं?" तिनं बाटली फिरवून वर काढली, भुश्याची भिंत कुठं ढासळली नाही ना ते वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कागद दे."

त्या दिवशी तिनं ओव्हरटाइम घेतला नाही. अण्णाही घरी होते. दिवे लागले, मी काकांची भाकरी शेकली, ठेचा वाढला. मग आईनं पातेलं पडवीतून उचलून आणलं, बैठकीच्या मधोमध चुंबळीवर ठेवलं आणि झाकण काढलं. पायाचा रस्सा असा दाट झाला होता की पळी उभी राहावी. मांस हाडांवरून आपोआप सुटलं होतं. तिनं अण्णांना वाढलं, ताईला वाढलं, मला वाढलं. काकांनी भाकरीला हात लावला नाही. ते पातेल्याकडं बघत होते. त्यांचे गाल आत गेले होते, मिशी मोठी दिसत होती.

"सांग तिला," शेवटी ते अण्णांना म्हणाले, "मला बी थोडं वाढ म्हणावं."

अण्णांनी तोंड उघडलं. आई त्यांच्या आधी बोलली. डोक्यावरचा पदर तिनं सरळ केला, पण नजर खाली घातली नाही. "मी हितंच उभी हाय दादा. मला सांगा."

इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण आईचा काकांना उद्देशून निघालेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अण्णांचा घास हातातच राहिला. काका भिंतीकडं बघत होते, मग माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम हाड चोखायला लागले.

"वाढ थोडं," ते म्हणाले.

"कुणाला म्हणताय?"

काकांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं. "विमल," काका म्हणाले. दात नसल्यामुळं ते नाव हवा सुटल्यासारखं बाहेर आलं. "वाढ थोडं."

"सकाळचं हाय."

"चालतं."

"ऐकू नाय आलं दादा. कंपनीत मशिनीनं कान गेल्यात."

"चालतं म्हणलं ना!" काका ओरडले, आणि त्यांच्या ओरडण्यात काही उरलं नव्हतं. भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं. खाला असणार.

आईनं पळी भरली, पण ती पातेल्यावरच धरून ठेवली. "फुलंब्रीच्या पाहुण्यांना कोण सांगणार मग? चालतं म्हणून?"

"वहिनी... विमल... जाऊ दे आता," अण्णा गडबडून काय बोलतायत ते त्यांनाच कळत नव्हतं.

"मी सांगतो," काका म्हणाले. "जातो मी. सांगतो."

तेव्हा तिनं वाढलं. भरपूर वाढलं, हात आखडला नाही. काका खाली मान घालून जेवले, पुन्हा मागून घेतलं, पुन्हा "विमल" म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. येसराचा ठसका होता की आणखी काही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि मला दयाही आली नाही. लोक म्हणतात वय झालं की अशा गोष्टींचं वाईट वाटायला लागतं. माझं वय झालं आहे. मी वाट बघते आहे.

कवळी बसल्यावर काका खरंच फुलंब्रीला गेले. एकदा गेले, ते लोक भेटले नाहीत. दुसऱ्यांदा गेले, ओसरीवर बसून राहिले आणि त्यांना पटवून आले. पाहुणे पुन्हा यायला तयार झाले. दिवस या खेपेला आईनं ठरवला. कामाचाच दिवस. काका म्हणाले, "रविवार—" आई म्हणाली, "रविवारी मी घरी असते. तवा शेगडी नसती." काकांनी तोच दिवस फुलंब्रीला कळवला.

तेच लोक, तोच मामा. आईनं तसंच पातेलं मधोमध आणून ठेवलं. येसराची आमटी, भरली वांगी. "सकाळी चढवलंय," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि वाढायला सुरुवात केली. मुलाच्या आईनं आधी बोटभर चाखलं. मग ती जेवली. मामानं तर वाटी तोंडाला लावली. काका कवळीनं सावकाश चावत होते आणि अधूनमधून म्हणत होते, "घ्या, घ्या, आमच्या विमलच्या हाताला चव हाय." जेवणं झाली, सुपारी फिरली. मुलाच्या वडिलांनी मांडी बदलली, खाकरले आणि म्हणाले, "मग पुढचं बोलायचं का?"

काकांनी हसून ताईला हाक मारली. ताई आतून आली. या खेपेला तिच्या अंगावर घरातलीच साडी होती, हात ओले होते. ती काकांपाशी वाकली आणि हळू, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "काका, मला हे स्थळ करायचं नाय."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. "आता? अगं, मी दोनदा गेलो त्यांच्या दारात!"

ताईनं आईकडं बघितलं. दोघींचं हे आधी बोलणं झालं होतं का, मला कधीच कळलं नाही. दोघींनी कधी सांगितलं नाही. आई सुपारीचं तबक उचलत होती. ती थांबली.

"मग तिसऱ्यांदा जायची गरज नाय दादा," ती म्हणाली. "ती माणसं हितंच बसल्यात. हितंच सांगा. घरात थोरले तुम्ही. होकार तुम्ही आणायला गेलता, नकार बी तुम्हीच द्यायचा."

अण्णा उठू लागले. आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, ते बसले. काकांनी मिशीवरून हात फिरवला. कवळी एकदा खट्टकन वाजली. आणि मग पाचोडचे मोसंबीवाले, जीपवाले, ज्यांच्यापुढं अख्खी भावकी मान खाली घालायची ते आमचे मोठे काका त्या चार माणसांपुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, की माफ करा, पोरीची इच्छा नाय. मुलाच्या आईनं विचारलं, "का पण? काय कमी हाय आमच्यात?" काकांनी आमच्याकडं बघितलं. कुणीच त्यांना उत्तर पुरवलं नाही. ते तसेच हात जोडून उभे राहिले, पाहुण्यांच्या चपलांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत.

त्यानंतर काका आमच्याकडं फारसे आले नाहीत. आले तरी पलंगावर पाय घेऊन बसले नाहीत. आईला नावानं हाक मारायचे. ताईचं लग्न दोन वर्षांनी शहरातच झालं, तिला आवडलेल्या माणसाशी, आणि त्या लग्नात शिळ्या अन्नाबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. ज्या बाईनं आईला हसून विचारलं होतं, तिच्या पानात आईनं स्वतः जाऊन तीनदा वाढलं. ती नको नको म्हणत होती. आई वाढत राहिली.

पुढं मी शिक्षिका झाले. काका गेले तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आईअण्णा पाचोडला गेले, ताईही गेली. मला फोन आला तेव्हा मी कळवलं की शाळेत रजा मिळत नाही. रजा मी मागितलीच नव्हती.